फार्महाऊसवाला

मी कर्जतचा आहे असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. स्टेशनवरचा वडा अजून तसाच मिळतो का? आणि ओळखीतलं एखादं स्वस्तातलं फार्महाऊस आहे का? पहिल्याचं उत्तर मी आनंदाने देतो. दुसऱ्या प्रश्नाने माझं डोकं फिरायचं. हल्ली तेवढं फिरत नाही. का, ते सांगायचं तर थेट अर्जेंटिनातल्या एका बारपर्यंत जावं लागेल. शनिवार आहे, सुट्टी आहे, चला.

लोकांचं ऑनसाइट म्हणजे न्यू जर्सी, फार तर लंडन. माझ्या नशिबी आलं ब्युनोस आयर्स! नोव्हेंबर २०२३ मध्ये एका बँकेच्या प्रोजेक्टसाठी तिथे जाऊन पडलो. साडेआठ तासांचा फरक, भाषा स्पॅनिश, आणि महागाई अशी की त्या वर्षी ती दोनशे टक्क्यांच्या वर गेली होती. हॉटेलातल्या मेनूकार्डावर जुन्या किमतीवर नव्या किमतीचं स्टिकर, त्यावर आणखी एक. एका ठिकाणी मी नखाने स्टिकर उकरून बघितले, खाली तीन थर निघाले. खायला सगळीकडे बीफ. एम्पानाडा म्हणून एक प्रकार मिळतो, दिसायला आपल्या करंजीसारखा. चीज-कांदा घातलेला मिळाला की मी तोच जेवण म्हणून खायचो. तिखट मात्र औषधालाही नाही.

बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. आयुष्य कर्जतला गेलं. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढवायला मागे जी जादा इंजिनं लावतात, ज्यांना बँकर म्हणतात, त्यांच्यावर ते होते. त्यामुळे 'मी बँकिंगमध्ये आहे' असं मी म्हटलं की ते म्हणायचे, "मीही बँकरच." हा विनोद आमच्या घरात वर्षातून किमान सहा वेळा होतो.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना बेल्ग्रानो स्टेशनवरून व्हिडिओ कॉल लावला. वाटलं, शहर कसं आहे विचारतील. ते म्हणाले, "फोन खाली धर. रूळ दाखव." दाखवले. दोन मिनिटं गप्प. मग, "गाड्या डावीकडून जातायत रे! वायर कुठे आहे? आणि गेज काय आहे तिथलं?" शेजारून जाणाऱ्या रस्त्यावर सगळी वाहनं उजवीकडून, गाडी मात्र डावीकडून, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वायर नव्हती, कारण त्या लाइनवर वीज रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून घेतात. गेज शोधून सांगितलं: १६७६ मिलिमीटर. म्हणजे पाच फूट सहा इंच. म्हणजे आपलं ब्रॉडगेज, अगदी तेच! बाबांना जो आनंद झाला तो मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. "म्हणजे आपला डबा तिकडे धावेल," असं ते त्या दिवशी आईला चार वेळा म्हणाले.

योगायोग फार मोठा नाही म्हणा. दोन्हीकडे रेल्वे उभारण्यात इंग्रजांचा हात. मुंबई-ठाणे १८५३, ब्युनोस आयर्समधली पहिली गाडी १८५७, आणि आपला बोरघाट सुरू झाला १८६३ मध्ये. रेल्वेबरोबर इंग्रज आले की क्लब येतो, आणि क्लब आला की क्रिकेट. अर्जेंटिनातला पहिला फुटबॉल सामना २० जून १८६७ ला झाला तो कुठे, तर ब्युनोस आयर्स क्रिकेट क्लबच्या मैदानावर! मॅराडोना आणि मेस्सीचा देश, आणि सुरुवात क्रिकेटच्या पिचवर. मी ऑफिसातल्या अर्जेंटिनी मुलांना हे फार मिटक्या मारत सांगायचो. ते म्हणायचे, "हो का? मग पुढे क्रिकेटचं काय झालं?" इथे माझी बोलती बंद.

तर, बार.

रेतीरो स्टेशनपासून दहा मिनिटांवर एक स्पोर्ट्स बार होता. नाव देत नाही, कारण मी त्याबद्दल जे लिहिणार आहे त्यात त्याचा दोष नाही, आमचा आहे. आमचा म्हणजे तिथे जाणाऱ्यांचा. अमेरिकन, इंग्लिश, आयरिश, एक-दोन ऑस्ट्रेलियन, आणि आम्ही पाच-सहा आयटीवाले. सगळे स्वतःला 'एक्स्पॅट' म्हणवणारे. भिंतीवर बारा टीव्ही, मेनू इंग्रजीत, वेटर इंग्रजी बोलणारे. आठ महिन्यांत एकही शनिवार मी चुकवला नाही.

तिथे बोलणं काय चालायचं? एक, इथल्या बँका. दोन, इथली सरकारी कामं. तीन, 'हे लोक'. हे लोक रात्री दहाला जेवतात. हे लोक आठला बोलावलं की साडेनऊला येतात. हे लोक स्पॅनिशसुद्धा धड स्पॅनिशसारखं बोलत नाहीत. चौथ्या महिन्यात मीही बोलायला लागलो, "हे लोक ना…" आणि सगळे हसायचे. बरं वाटायचं. खरं सांगतो, फार बरं वाटायचं. आठवडाभर तुटक्या स्पॅनिशमध्ये दूध, सिम कार्ड, घरभाडं करून जीव मेटाकुटीला आलेला असायचा. शनिवारी बारचं दार लोटलं की आपण पुन्हा हुशार, विनोदी वगैरे होतो.

दुसरीकडे कर्जतमध्ये एक वेगळंच प्रकरण चालू होतं. पेज नदीच्या काठी आमची थोडी जमीन होती, आजोबांची. मृत्युपत्रात त्यांनी बाबांबरोबर माझंही नाव घातलेलं. भात लावायला माणसं मिळेनात, बाबांचे गुडघे गेलेले, आणि मुंबईच्या एका गृहस्थांनी चांगला भाव सांगितलेला. तिथे सगळ्यांना जमीन हवी असते, कारण पेजला उन्हाळ्यातही पाणी असतं. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून सोडलेलं पाणी तिच्यात येतं ना, म्हणून. मला फक्त दूतावासात जाऊन मुखत्यारपत्रावर सही करायची होती. कागद ईमेलने आले होते, प्रिंट काढून बॅगेत ठेवलेही होते. दीड महिना बॅगेतच होते.

कारण फार्महाऊसवाल्यांचा मला लहानपणापासून राग. मी सातवीत असताना आमच्या शेताला लागून पहिलं फार्महाऊस झालं. नदीवर जायची आमची पायवाट त्यांच्या बांधावरून होती. एका मे महिन्यात गेलो तर तारेचं कुंपण! माळी म्हणाला, "साहेबांना विचारतो." साहेब शुक्रवारी रात्री यायचे, रविवारी संध्याकाळी जायचे. गाडीतून कूलर, संगीत, बर्फ आणि चक्क भाजीसुद्धा मुंबईहून यायची! म्हणजे आमची वांगी कर्जत लोकलने मुंबईला जाणार आणि तीच कदाचित फिरून शेजारी येणार. रात्री गच्चीवर बसले की आवाज ऐकू यायचा, "इथले लोक ना, कामाला सांगितलं की चार दिवसांनी उगवतात." आम्ही पोरं वळसा घालून नदीवर जायला लागलो. आजोबा मात्र गेलेच नाहीत. त्यांना तेवढं चालवायचं नाही. त्या साहेबांनी त्यांना बरेचदा हात केला असेल, नाव कधी विचारलं नाही.

आता २९ जून २०२४. शनिवार. टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल, बार्बाडोसला, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. कर्जतला रात्री आठ, आमच्याकडे सकाळी साडेअकरा. तिकडे धो धो पाऊस, इकडे कडक थंडी. बारमध्ये आम्ही पाच भारतीय, दोन इंग्रज (दोनच दिवसांपूर्वी गयानात सेमीफायनलला आपण त्यांना ६८ धावांनी हरवलेलं, त्यामुळे ते फक्त भारत हरताना बघायला आलेले) आणि कोपऱ्यात एकटा बसलेला एक म्हातारा दक्षिण आफ्रिकन. मॅनेजरने आम्हाला टॉयलेटशेजारचा सगळ्यात लहान टीव्ही दिला. बाकीचे अकरा युरो कपसाठी राखीव, एक वाजता स्वित्झर्लंड-इटली होती. आमच्यातल्या तमिळ सहकाऱ्याने लॅपटॉपवर स्ट्रीम लावला आणि केबल टीव्हीला जोडली.

स्ट्रीम म्हणजे उशीर आलाच. बाबांचा टीव्ही आमच्यापेक्षा जवळजवळ एक बॉल पुढे. दुसऱ्याच ओव्हरला फोन वाजला. "गेला रे रोहित!" इकडे रोहित अजून गार्ड घेतोय. मी म्हटलं, बाबा, सांगू नका ना. "बरं." दोन मिनिटांत परत फोन. मी उचलला नाही. उचलला नाही तरी कळलंच, पंत गेला असणार. माझ्याबरोबरचे चौघे माझ्या फोनकडे बघून विकेट ओळखायला लागले. ३ बाद ३४. मग कोहली आणि अक्षर जमले तेव्हा फोन शांत राहिला. कोहली ७६, अक्षर ४७, आपले १७६.

एक वेटर तेवढा आमच्या टेबलाशी रेंगाळायचा. बाकीच्यांना त्या टीव्हीवर काय चाललंय त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. हा मात्र विचारायचा, तो मागचा माणूस ग्लोव्ह घालून का उभा आहे? आउट झाल्यावर परत का येत नाही? मी त्याला बेसबॉलच्या भाषेत समजावत होतो आणि त्याला भराभर कळत होतं. विचारलं, बेसबॉल कसं काय माहीत? म्हणाला, मी व्हेनेझुएलाचा, आमच्याकडे तोच खेळ. आठ महिने हा माणूस मला बिअर आणून देत होता आणि मी त्याला अर्जेंटिनी समजत होतो!

आफ्रिकेची बॅटिंग. क्लासेन सुटला. पंधराव्या ओव्हरमध्ये अक्षरला २४ धावा मारल्या. ३० बॉलमध्ये ३० हव्यात, सहा विकेट हातात. संपलंच. कोपऱ्यातला म्हातारा पहिल्यांदा उठून उभा राहिला. तेवढ्यात फोन. मी वैतागून उचलला.

"लाइट गेली रे," बाबा म्हणाले. "वायफाय पण गेलं. मोबाइलला एकच काडी आहे, व्हिडिओ नुसता फिरतोय. किती झाले?"

आता आली का पंचाईत. आत्तापर्यंत ते पुढे होते, आता मी. आमच्या घरी हे नेहमी उलटं असायचं. लहानपणी लाइट गेली की बाबा ट्रान्झिस्टर कानाला लावून आम्हाला स्कोअर सांगायचे. मी फोन कानाला लावला आणि टॉयलेटच्या दारात उभं राहून मराठीतून कॉमेंटरी सुरू केली. बुमरा आला. चार धावा फक्त. २४ बॉल, २६ हव्यात.

मग पंतच्या गुडघ्याला काहीतरी झालं आणि खेळ थांबला. फिजिओ आला, पट्टी बांधायला लागला. बोलायला काही उरलं नाही. फोनमध्ये पावसाचा आवाज येत होता, पत्र्यावर पडणारा. आणि बेडूक.

"ते कागद केलेस का?" बाबांनी विचारलं.

"नाही अजून."

"विकायला हरकत असेल तर सांग, नाही विकत. मला एवढंच कळू दे. तू परत येणार आहेस का? कर्जतला. म्हणजे जमिनीवर."

हा प्रश्न ते सहा महिने फिरवून फिरवून विचारत होते आणि मी तेवढाच फिरवून टाळत होतो. 'बघू', 'प्रोजेक्ट संपू दे', 'पुण्याचं काय होतंय बघतो'. रागावणं सोपं होतं, फार्महाऊसवाल्यांना शिव्या देणं तर फारच सोपं. जमीन बाबांनी राखायची, गुडघे त्यांचे, आणि तत्त्व माझं. समोर इंग्लिश मेनू, मागे इटलीचा आरडाओरडा, आणि मी एका बारच्या टॉयलेटशी उभा.

"नाही बाबा," मी म्हटलं. "भारतात येईन. कर्जतला येत-जात राहीन. पण शेती करायला नाही येणार."

बेडूक ओरडत होते. मला वाटलं लाइन कटली.

"बरं," ते म्हणाले. "सुरू झाली का मॅच?"

झाली होती. हार्दिकचा पहिलाच बॉल, क्लासेन आउट, कीपरकडे कॅच. मी ओरडलो. तिकडे काळोखात आई ओरडली, म्हणजे ती इतका वेळ ऐकत होती. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. बुमराच्या ओव्हरमध्ये दोन धावा आणि एक विकेट. अर्शदीपच्या ओव्हरमध्ये चार. शेवटच्या ओव्हरला १६ हव्यात, समोर मिलर. पहिलाच बॉल उचलला. "सिक्स आहे बाबा. नाही… सूर्या… पकडला… बाहेर गेला… आत आला… पकडला!"

"अरे, आत की बाहेर?"

"बघतायत. थर्ड अंपायर."

"तू नीट बघ. पाय दोरीला लागलाय का?"

जणू निकाल मीच देणार होतो! आउट दिलं तेव्हा सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं असेल, तर तो वेटर. ट्रे बाजूला ठेवून दोन्ही हात डोक्यावर. भिंतीच्या आत परत येऊन होमरन वाचवणारा खेळाडू त्यांच्याकडे पुढाऱ्यापेक्षा मोठा असतो म्हणे.

आपण सात धावांनी जिंकलो. बाबा म्हणाले, "चला, झोपतो. लाइट काही आता येत नाही." आणि ठेवला फोन. तो म्हातारा आफ्रिकन आमच्या टेबलाशी आला, पाचही जणांशी हात मिळवले, काही न बोलता कोट चढवून गेला. दोघे इंग्रज आधीच सटकले होते.

बिल देताना मी वेटरला नाव विचारलं. आठ महिन्यांनी. त्याने सांगितलं, मग माझं विचारलं. पाच वर्षं झाली म्हणाला, आई तिकडेच आहे, फोनवर भेटते. मी विचारलं, तूही एक्स्पॅटच की मग? तो खूप हसला. "एक्स्पॅट तुम्ही. तुम्हाला परत जायचं तिकीट कंपनी देते."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो. गाडी डावीकडून चालली होती, आपल्याच गेजवरून. आणि लक्षात आलं की मी ज्या शहरात राहतोय तिथे मला दुकानदार, घरमालकीण आणि ऑफिस सोडून एक माणूस माहीत नाही. शुक्रवार-शनिवार आपल्या कुंपणात, आपलं खाणं, आपली भाषा, आणि गच्चीवर बसून 'हे लोक ना'. तारेचं कुंपण नव्हतं एवढंच. मी ज्या साहेबांवर वीस वर्षं चिडलो होतो, तो साहेब मीच होतो की. फक्त माझं फार्महाऊस भाड्याचं.

म्हणून ते साहेब बरोबर होते असं नाही. वाट बंद करणं चूकच. पण माणूस वाईट असायला लागत नाही, नुसता दमलेला असला तरी पुरतं, एवढं कळलं.

रविवारी मी फोन केला. म्हटलं, विका, सोमवारी सही करतो. पण नदीवर जायची वाट खरेदीखतात लिहून घ्या. सहा फूट, कायमची, गावातल्या कुणालाही. बाबा म्हणाले, भाव पडेल. म्हटलं, पडू दे. पडलाच थोडा. ते गृहस्थ महिनाभर कुरकुरले, वकिलाने वेगळे पैसे घेतले. पण वाट लिहिली गेली.

बारला मी त्यानंतरही जायचो, खोटं कशाला बोलू. दोनातला एक शनिवार. दुसऱ्या शनिवारी त्या वेटरच्या मित्रांबरोबर पालेर्मोच्या बागेत बेसबॉल खेळायचो. बॅट क्रिकेटसारखी धरतो म्हणून सगळे हसायचे. स्पॅनिश मात्र सुधारलं. म्हणजे व्हेनेझुएलाचं. ऑफिसातली अर्जेंटिनी मुलं म्हणायची, "हे तू काय बोलतोस?"

मार्च २०२५ मध्ये परत आलो, सध्या पुण्यात. पावसाळ्यात कर्जतला गेलो होतो तेव्हा एकटाच पेजकडे चालत निघालो. कुंपण आहे, बांधकामही झालंय, आणि मधून सहा फुटांची वाट. चिखल, बैलांचे खूर, एका पोराची सायकल. व्हरांड्यात ते गृहस्थ बसले होते. मला हटकलं नाही, हात केला. मीही केला आणि पुढे निघालो. मग मागे वळलो, कुंपणापाशी गेलो आणि म्हटलं, "ही जागा आमच्या आजोबांची."

"हो का? बसा ना," ते म्हणाले. "काय नाव त्यांचं?"

सांगितलं.